चार आण्यांचं नाणं आणि ५२ हजारांचा अ‍ॅम्प्लिफायर

मामांचा फोन आला तेव्हा निर्णय जवळजवळ झालेलाच होता. बँकेतल्या एका ठेवीची मुदत भरली होती, त्यातले ६० हजार 'गाण्यासाठी' म्हणून बाजूला काढले होते. एका दुकानदाराने ५२ हजारांचा नवा अ‍ॅम्प्लिफायर आणि नऊ हजारांची स्पीकरची वायर असा जोड सुचवला होता, वरचे हजार सोडून. "तू फक्त हो म्हण," मामा म्हणाले. मी म्हटलं, "मामा, रविवारी येतो. तोवर आगाऊ रक्कम देऊ नका."

मामा पुण्यात राहतात, एरंडवण्यात. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी तासभर ख्याल ऐकणं हा त्यांचा नेम. सामान असं: १९९३ साली घेतलेला जपानी अ‍ॅम्प्लिफायर, दर चॅनेलला ४० वॅटचा. त्याच सुमाराचे आठ इंची वूफरचे (वूफर म्हणजे खालचे स्वर वाजवणारा मोठा कोन) उभे स्पीकर. एक सीडी प्लेयर. आणि २००९ साली हौसेने घेतलेला टर्नटेबल, कारण घरात दोनशेच्या वर एलपी आहेत आणि त्यातल्या निम्म्या आता कुठेही मिळणार नाहीत.

जाण्याआधी मी एकच विचारलं होतं: त्रास नेमका काय होतो? 'आवाजात मजा राहिली नाही' हे उत्तर मी घेतलं नाही. अशा उत्तरावर दुकानदार काहीही विकू शकतो. मामांनी मग वहीच्या पानावर लिहून ठेवलं. तंबोऱ्याचा खर्ज (सगळ्यात खालचा सा) घुमतो, इतका की विलंबितात, म्हणजे संथ लयीत, बंदिशीचे शब्द बुडतात. द्रुत, म्हणजे जलद लय, आली की ताना चुरगळल्यासारख्या होतात. डावीकडचा आवाज झोपलेला वाटतो. शेवटी एक ओळ सहज लिहिल्यासारखी होती: 'बायकांच्या गाण्यात घुमण्याचा त्रास कमी.' पुढे सगळ्यात जास्त कामाला आली ती हीच.

दुकानदाराचं म्हणणं होतं की वॅट कमी पडतात म्हणून आवाज फाटतो. ऐकायला पटतं. हिशेब मात्र वेगळं सांगतो. मामांचे स्पीकर एका वॅटला एक मीटरवर साधारण ८७ डेसिबल देतात. तीन मीटर दूर बसलं की त्यातले नऊ-साडेनऊ जातात, दोन स्पीकर आणि खोलीचं परावर्तन मिळून पाच-सहा परत येतात. म्हणजे खुर्चीपाशी एका वॅटला ८३ च्या आसपास. मामा ऐकतात ते सरासरी ७३ डेसिबलला (फोनवरच्या ॲपने मोजलं, तंतोतंत नसेल, पण हिशेबापुरतं ठीक). म्हणजे बहुतेक वेळ हा अ‍ॅम्प एक दशांश वॅटवर चालतो. सम गाठताना तबल्याची थाप सरासरीच्या वर २० डेसिबल उसळली तरी दहा वॅट पुरतात. ४० चे ८० वॅट केले तर मिळतात जेमतेम तीन डेसिबल, आवाज दुप्पट जाणवायला मात्र दहा लागतात. सोसायटीत रात्री आठनंतर ते तीनही कोणाला नको असतात.

तरी हिशेबावर न थांबता आम्ही ऐकून पाहिलं. अ‍ॅम्पला हेडफोनचं भोक होतं, मामांनी तीस वर्षांत ते वापरलं नव्हतं. माझा हेडफोन लावून तीच सीडी, तोच राग. मामांनी डोळे मिटले आणि दोन मिनिटांनी म्हणाले, "अरे, हे तर स्वच्छ आहे." खर्ज जागच्या जागी, शब्द कळतायत, डावं-उजवं सारखं. म्हणजे सीडी प्लेयर बरा आणि अ‍ॅम्पचा बराचसा भागही बरा. बिघाड त्याच्या पुढे कुठेतरी होता: वायर, स्पीकर किंवा खोली. आणि ताना चुरगळण्याची तक्रार? ती सीडीवर नव्हतीच, एलपीवरच होती. मामांनी दोन वेगळी दुखणी एकाच नावाखाली लिहिली होती.

मग टर्नटेबल उघडलं. टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, टोकावर, हेडशेलवर, सेलोटेपने चिकटवलेलं चार आण्यांचं स्टीलचं नाणं! सुई उड्या मारायला लागली म्हणून मामांनी सात-आठ वर्षांपूर्वी हा इलाज केला होता आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. "चार आण्यांत काम झालं." मी सोबत नेलेल्या छोट्या काट्यावर वजन घेतलं. कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या डबीला, दोन ग्रॅम भार हवा होता, पडत होता साडेचारच्या वर. सुई २००९ पासून तीच. वर्षाला तीनशे तास धरले तरी चार हजार तास उलटून गेले होते. बनवणारे अशा सुईला साधारण ५०० ते १००० तास देतात. भिंगातून पाहिलं तर टोकाला दोन्ही बाजूंनी पैलू पडलेले.

इथे एलपीची एक खोड सांगायला हवी, कारण ख्याल ऐकणाऱ्याला ती सगळ्यात जास्त नडते. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे मारते, बाहेरच्या कडेलाही आणि आतल्या लेबलाजवळही. पण बाहेरच्या फेऱ्याचा घेर मोठा, आतला लहान. त्यामुळे सुईखालून खाच सरकते ती बाहेर सेकंदाला अर्धा मीटर आणि आत त्याच्या निम्म्याहून कमी. तेवढ्याच आवाजाची नक्षी आत दाटीवाटीने कोरलेली असते. झिजलेली सुई त्या बारीक वळणांत शिरूच शकत नाही, ती त्यांना खरवडत जाते. आणि ख्यालाच्या एलपीत एका बाजूची मांडणी बहुधा अशी: बाहेर विलंबित, आत द्रुत. म्हणजे गायक तानांवर येतो नेमका तिथे, जिथे सुई सगळ्यात दुबळी असते. मामांना वाटत होतं रेकॉर्डिंगच जुनं आहे.

पैसे आधी कुठे घालायचे, याचं उत्तर इथे मिळालं आणि ते आवाजाच्या दर्जावर ठरलं नाही. फाटका स्पीकर गाणं खराब ऐकवतो, पण एलपीला धक्का लावत नाही. झिजलेली सुई, तीही दुप्पट भाराची, रोज संध्याकाळी एकेक तबकडी थोडी थोडी खाते, आणि खाल्लेलं परत येत नाही. नवी सुई ४,२०० रुपये, भार मोजायचा काटा ६०० रुपये. ती येईपर्यंत टर्नटेबल बंद, असा हुकूमच मी सोडला. मामा नाराज झाले, मामी खूश झाल्या, कारण टर्नटेबलवर त्यांना टीव्हीचा रिमोट ठेवायला जागा मिळाली.

आता जुना वाद. 'आधी मूळ नीट करा, उगमाला जे हरवलं ते पुढे कोणी भरून देत नाही', हे तत्त्व सत्तरच्या दशकात ग्लासगोच्या लिन कंपनीने आणि तिच्या आयव्हर टिफेनब्रनने जोरात मांडलं. आधी टर्नटेबल, मग अ‍ॅम्प, शेवटी स्पीकर. टर्नटेबल विकणाऱ्याने ते मांडलं हे खरं, पण तेव्हा त्यात तथ्यही होतं. मोटर, बेअरिंग, टोनआर्म, सुई, सगळा यांत्रिक खेळ, आणि वाईट टर्नटेबल खरोखर वाईट असे. १९८२ साली सीडी आली आणि हे चित्र पालटलं. आज हजार-दोन हजारांचं डिजिटल यंत्रही कानाला चूक सापडणार नाही इतकं नीट वाजतं. दुसरी बाजू फ्लॉइड टूलच्या कामातून पुढे आली. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये त्याने पडद्याआड स्पीकर ठेवून माणसांना ऐकवलं, तेव्हा दिसलं की नाव आणि किंमत दडवली की बहुतेकांची पसंती एकमेकांशी जुळते, आणि ती सपाट, सरळ वाजणाऱ्या स्पीकरकडेच झुकते. माझं मत या बाजूचं आहे. मामांच्या घरात मात्र दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर निघाल्या: एलपीपुरता उगम वाईट होता, बाकी सगळ्याला स्पीकर आणि हॉल जबाबदार होते.

स्पीकरची जाळी काढली. वूफरच्या कोनाभोवती जी फोमची कड असते, तिला बोट लावलं तर ती बोटाला चिकटून आली, ओल्या भुग्यासारखी. पंधरा-वीस वर्षांत हा फोम आपोआप कुजतो, दमट हवेत लवकर. उजव्या वूफरची कड अर्ध्या गोलात निघालेली होती. कोनाला धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं, डग्ग्याच्या घुमाऱ्यावर तो वाकडा हलत होता. हे काम नवीन नाही आणि महागही नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात कोन-कॉइल बदलून देणारे कारागीर आहेत. दोन्ही वूफरना नवी कड लावायला २,४०० रुपये झाले आणि चार दिवस लागले. 'यापेक्षा नवीनच घ्या', असा सल्ला वाटेत दोघांनी दिला.

डाव्या बाजूच्या झोपलेल्या आवाजाचा निकाल पैसे न लावता लागला. अ‍ॅम्पच्या मागे डावी-उजवी वायर अदलाबदल केली. आवाज उजवीकडे झोपला असता तर दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्या आधी. तो डावीकडेच झोपलेला राहिला, म्हणजे दोष डाव्या स्पीकरात किंवा त्याच्या वायरीत. बहुधा ट्विटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा लहान भाग. त्या काळच्या अनेक ट्विटरमध्ये एक चुंबकीय तेल असतं, ते वाळून घट्ट झालं की ट्विटर दबतो. त्याचा सुटा भाग आता मिळत नाही. हा मुद्दा आम्ही बाजूला ठेवला.

नऊ हजारांच्या वायरबद्दल थोडक्यात. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरला सुमारे सात मिलिओहम रोध देते. स्पीकरपर्यंत पाच मीटर, जाऊन-येऊन दहा, म्हणजे ०.०७ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे एक टक्काही नाही. विजेच्या सामानाच्या दुकानातून दोन तारांची वायर आणली, हजारात भागलं. जुनी वायर टोकाला हिरवी पडली होती, नाहीतर तेवढेही लागले नसते.

फोमची कड बदलून स्पीकर परत आले आणि मला वाटलं काम संपलं. नाही संपलं. डग्गा सावरला, गाणं मोकळं झालं, पण खर्ज घुमायचा तो घुमायचाच. इथे माझा अंदाज चुकला होता. घुमण्याचं सगळं खापर मी फाटक्या फोमवर फोडून मोकळा झालो होतो. मग वहीतली ती ओळ आठवली. बायकांच्या गाण्यात त्रास कमी.

मामांचे आवडते गायक बहुतेक काळी एकचे, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरणारे. तंबोऱ्याचा खर्ज मग सुमारे ६९ हर्ट्झ. काळी पाचला गाणाऱ्या बाईंचा खर्ज ११६-११७ हर्ट्झ. अ‍ॅम्पला किंवा वायरला गायक पुरुष आहे की स्त्री हे कळत नाही. खोलीला मात्र कळतं. टेप काढून हॉल मोजला: लांबी १६ फूट ३ इंच, म्हणजे ४.९५ मीटर. आपल्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास. भागाकार केला, आला ६९.७. काळी एकचा खर्ज आणि मामांच्या हॉलची लांबी एकमेकांना सुरात लावल्यासारखी होती. त्या लहरीची एक पूर्ण लांबी दोन भिंतींमध्ये बरोबर मावते, आणि अशी मावली की आवाज ठरावीक जागी साठतो, ठरावीक जागी जवळजवळ नाहीसा होतो. तंबोऱ्याच्या तारेत मूळ स्वरापेक्षा वरच्या स्वरांचं तेज जास्त असतं, तोच त्याचा जवारीचा थाट. या खोलीने नेमका मूळ स्वर उचलून धरला होता आणि त्याखाली बाकीचं झाकलं होतं.

खात्री करायला फोनवरून ६९ हर्ट्झचा सपाट सूर लावला आणि मामींना हॉलभर चालायला सांगितलं. मागच्या भिंतीपाशी, जिथे सोफा आहे, तिथे छाती दणाणत होती. भिंतीपासून चारेक फुटांवर त्या थांबल्या. "बंद केलास का रे?" बंद केलं नव्हतं. हॉलच्या मध्यावर पोचल्या तेव्हा दणदणाट परत आला. मामा उठून स्वतः चालून आले, दोनदा.

म्हणजे इलाज होता मामांना भिंतीपासून पुढे आणण्याचा. सोफा पुढे ओढायला मामींनी साफ नकार दिला, आणि त्यांचंही खरं होतं, स्वयंपाकघराकडे जायची वाट बंद झाली असती. शेवटी माळ्यावरची आजोबांची आरामखुर्ची खाली आली. ऐकायच्या वेळी ती भिंतीपासून साडेतीन फुटांवर मांडायची, एरवी गॅलरीत. बरोबर पाव लांबीवर, म्हणजे चार फुटांवर, खर्ज फारच पुसट होतो, म्हणून अर्धा फूट मागे. डावा स्पीकर कोपऱ्यात कोंबलेला होता आणि उजवा शोकेसला चिकटून. दोन्ही भिंतीपासून दीड फूट पुढे घेतले, मधे सतरंजी घातली. सतरंजीने झांजेसारखा उडणारा वरचा आवाज थोडा बसला. खर्जावर तिचा काही परिणाम होत नाही, तसा कोणी दावा केला तर मानू नये.

इथवर खर्च झाला होता साडेआठ हजारांच्या आत. नवी सुई आली, भार दोन ग्रॅम, नाणं काढलं. द्रुतातल्या ताना सुट्या सुट्या झाल्या. सगळ्या नाही: ज्या वीस-पंचवीस एलपी मामा सतत लावत, त्यांच्या आतल्या खाचा खरवडल्या गेल्या आहेत आणि तिथे नवी सुईही काही करू शकत नाही. त्या ऐकताना मामा गप्प बसतात.

पुढचे तीन महिने काहीच घ्यायचं नाही असं ठरवलं. तिसऱ्या महिन्यात मामांचा फोन आला तो डाव्या ट्विटरसाठी. बाकीचं नीट झाल्यावर तो एकटा ढिला दात जिभेला लागावा तसा लागत होता. मग मात्र स्पीकर, आणि तेही घरी आणून ऐकल्याशिवाय नाही. दोन विक्रेत्यांनी एका शनिवार-रविवारसाठी जोड द्यायची तयारी दाखवली. दुकानात मामांना जो जोड 'भरदार' वाटला होता, तो घरी आल्यावर खर्जात पुन्हा पाय पसरून बसला. तुलना करताना मी एकच पथ्य पाळलं: दोन्ही जोडांचा आवाज खुर्चीपाशी सारखा करायचा. अर्ध्या डेसिबलनेही मोठा वाजणारा स्पीकर 'जास्त स्पष्ट' वाटतो, आणि दुकानात हे नकळत होतं, कधी कळूनही. मामींना स्पीकर दिसू नयेत म्हणून पुढे चादर टांगली होती. मामा-मामी दोघांनीही न बोलता एकच जोड निवडला: साडेसहा इंची वूफरचा लहान, स्टँडवर ठेवायचा, स्टँडसकट ३७ हजारांचा.

तर ६० हजारांतले १४ हजारांच्या आसपास उरले. अ‍ॅम्प तोच आहे. त्याचा आवाजाचा खुंटा फिरवताना खरखर यायची, तीनशे रुपयांच्या कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने गेली. दुकानदाराचा मध्यंतरी फोन येऊन गेला, नवं मॉडेल आलंय म्हणून. मामांनी मला विचारलं, "तरी पण अ‍ॅम्प कधी?" मी तीन खुणा सांगितल्या: गाणं थांबलेलं असताना स्पीकरमधून गुंss असा आवाज येऊ लागला, एक बाजू मधूनच जायला लागली, किंवा अ‍ॅम्प हात टेकवेना इतका तापायला लागला. तीस वर्षांच्या यंत्रातले कपॅसिटर केव्हातरी वाळणारच. त्यातलंही पहिलं पाऊल दुरुस्ती, खरेदी नंतर.

मामींनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर नवी पद्धत सुरू केली आहे. एलपीची एक बाजू वाजली की त्या दिवसाच्या चौकोनात एक उभी रेघ, पाचवी आडवी. तीन रेघांचा एक तास धरायचा. परवा गेलो तेव्हा मोजलं, २१६ रेघा, म्हणजे ७२ तास. दूधवाल्याच्या हिशेबाशी गल्लत होऊ नये म्हणून त्या लाल पेनाने मारतात.